आधी सगळे आलेत का बघा

थँक्सगिव्हिंगची मेजवानी उरकली की पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगरातली मंडळी हरणांमागे रानात शिरतात. मर्ल हॉस्टेटरही दरवर्षी जायचा, पण बंदूक सोडल्याला त्याला दोन तपं होऊन गेली होती. कॅम्पवर तो फक्त रांधायचा आणि भिंतीकडे पाठ करून बसायचा. ज्याचा नेम चुकला, त्याच्या शर्टाचा मागचा सोगा कापायचा, नाव घालून भिंतीला ठोकायचा, हा तिथला रिवाज. भिंतीवर मर्लच्या नावाचाही एक तुकडा होता.

त्या वर्षी त्याच्या धाकट्या भावाची, क्लीटची मुलगी व्हर्ली पहिल्यांदाच आली. खुंटीवरची दुर्बीण लावलेली लांब बंदूक तिने उचलली.

"काका, हीच नेते. हिचा नेम सहसा चुकत नाही म्हणतात."

मर्लच्या हातातला डाव घेवड्याच्या भांड्यात तसाच राहिला.

"ती उघड्या माळावर मारायला. इथे लॉरेलच्या झुडपांच्या जाळीत दहा झाडांपलीकडचं दिसतं कुठे?" त्याने आखूड बंदूक पुढे केली. "तुझ्या बापाची आहे. फांद्यांत अडकत नाही, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून मारता येते."

"म्हातारी झालीय हो ती!"

"मीही झालोय. माझ्या हातचं खातेस ना?"

चुलीपाशी बसलेला कॅम्पवरचा जुना सोबती, म्हातारा ऑरिन खो खो हसला. व्हर्लीने मात्र लांब बंदूक खाली ठेवली नाही. मग मर्लला बोलावंच लागलं.

"पोरी, दुर्बिणीत तपकिरी काहीतरी हललेलं दिसतं. आजूबाजूचं दिसत नाही. मला नाही दिसलं."

ऑरिनचं हसू विरलं. चोवीस वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी तोही इथेच होता. मर्ल येऊन म्हणाला होता, "चुकला." सगळ्यांनी त्याला धरून, हसत-खिदळत त्याचा शर्ट कापला. क्लीट अजून जाळीतून आलेला नाही, आणि आता येणारही नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

व्हर्लीने लांब बंदूक खुंटीला टांगली.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना जाळीतून एक बार ऐकू आला. थोड्या वेळाने व्हर्ली आली. "चुकला, काका."

"वळ पोरी!" ऑरिनने सवयीने कात्री उचलली.

"थांबा," मर्ल म्हणाला. "आधी सगळे आलेत का बघा."

सगळे चुलीभोवतीच होते. मर्लने एकेकाचं तोंड न्याहाळलं, कंदील घेतला आणि बाहेर पडला. थोड्याच वेळात खालून त्याची हाक आली, "क्लीट! ए क्लीट!"

व्हर्ली धावली. जाळीच्या तोंडाशी तो कान देऊन उभा होता. तिने त्याच्या हातातला कंदील घेऊन बर्फावर धरला. हरणाचे खूर सरळ ओढ्याकडे गेले होते. रक्ताचा ठिपका नव्हता.

"बघा काका. खरंच चुकला."

त्याने वाकून एका ठशात बोटं घातली. मग मान डोलावली.

परतताना वाटेवरची फांदी त्याने धरून ठेवली. व्हर्ली पलीकडे गेली, तरी मागून अजून कुणी यायचं असल्यासारखी त्याने ती लगेच सोडली नाही.