पटलं कोणाला?

शाळेच्या कार्यक्रमात एखाद्या मुलानं दणदणीत भाषण ठोकलं, की सगळं सभागृह टाळ्या वाजवायचं. बाई वाजवायच्या नाहीत. दोन्ही हात मांडीवरच्या पर्सवर ठेवून त्या स्टेजकडे न बघता प्रेक्षकांकडे बघत बसायच्या. टाळ्या ओसरल्या की शेजारच्याला हळूच विचारायच्या, "छान झालं. पण पटलं कोणाला?"

शेजारचा म्हणजे बहुतेक वेळा मीच. मस्कतमधल्या एका भारतीय शाळेत मी गणित शिकवतो. बाई अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवायच्या. स्टाफरूममध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघेच, त्यामुळे टेबलंही आपोआप शेजारी आली. बाई नाशिकच्या. अंगानं बारीक, सुती साडी आणि तिच्यावर नवऱ्याचा जुना राखी स्वेटर. बाहेर डांबर वितळेल एवढं ऊन असलं तरी वर्गातल्या एसीचा गारठा त्यांना सोसायचा नाही. आवाज अगदी साधा, भाजीवाल्याशी बोलावा तसा. शाळेतल्या सगळ्या वक्तृत्व स्पर्धा त्यांच्याकडे होत्या आणि स्वतः त्यांनी मात्र कधी माइकला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

दुसरा त्यांचा शब्द म्हणजे "बघू." तुम्हीही "बघू" म्हणणारी माणसं पाहिली असतील. ती टाळायला म्हणतात. बाई "बघू" म्हणाल्या की ते काम झालंच असं धरून चालायचं. शाळा सुटल्यावर मुलं बससाठी उन्हात उभी राहायची. तिथं छप्पर हवं म्हणून बाईंनी बसगाड्यांची व्यवस्था बघणाऱ्या गृहस्थांना सांगितलं. ते म्हणाले, "इन्शाल्ला, मॅडम." बाई म्हणाल्या, "बघू." दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या गृहस्थांना गावाकडची खुशाली विचारत विचारत बोलण्याच्या नादात बाहेर आणलं आणि मुलांच्या रांगेत उभं केलं. आई कशी आहे, धाकट्या भावाचं लग्न ठरलं का, सगळं सावकाश विचारलं. छपराबद्दल अवाक्षर काढलं नाही. गृहस्थ घामानं निथळले. छप्पर लवकरच झालं.

अकरावीच्या मुलांना बाई दरवर्षी एक जुनं अमेरिकन भाषण शिकवायच्या. अमेरिका अजून इंग्लंडच्या ताब्यात होती तेव्हाचं. एका चर्चमध्ये भरलेल्या सभेत एक वकील उभा राहिला आणि आता लढाईची तयारी करायला हवी, असं त्यानं बाकीच्यांना सांगितलं. ‘मला स्वातंत्र्य द्या, नाहीतर मरण द्या’ हा भाषणाचा शेवट जगभर प्रसिद्ध आहे. पोस्टरांवर असतो, टीशर्टवर असतो. बाई वर्गात त्या वक्त्याला "आपले वकीलसाहेब" म्हणायच्या.

मुलांना वाटायचं, भाषण पाठ करायचं, अलंकार ओळखायचे, मार्क घ्यायचे. बाई त्यांना सभेतली माणसं करायच्या. "तू तंबाखूचा शेतकरी, तुझा माल इंग्लंडला जातो. तुझा सख्खा भाऊ लंडनला आहे. तू म्हातारा आहेस आणि तुला भांडणाचा कंटाळा आलाय." मग एकानं वकील व्हायचं आणि बाकीच्यांनी ऐकून शेवटी लढाईच्या तयारीच्या ठरावावर हात वर करून मत द्यायचं. एकच नियम होता. आवडलं म्हणून हात वर करायचा नाही, पटलं तरच करायचा. मतं मोजायला त्या मला बोलवायच्या. "तुम्ही गणिताचे, तुमच्यावर कोणी संशय घेणार नाही."

एका वर्षी एका मुलानं ते भाषण असं म्हटलं, की शेजारच्या वर्गातले शिक्षक दारात येऊन उभे राहिले. मनगटं जोडून बेड्या दाखवल्या, शेवटच्या वाक्याला छातीवर मूठ आपटली. वर्गानं बाकं वाजवली. मग मी मतं मोजली आणि ठराव पडला. मुलगा रडवेला झाला. "मॅम, त्यांनी क्लॅप केलं ना!"

"टाळ्या वेगळ्या, मत वेगळं," बाई म्हणाल्या. "तू भाऊ लंडनला असलेल्या माणसाकडे एकदा तरी बघितलंस का?"

आणखी एका वर्षी एका मुलीनं विचारलं, की हा माणूस बेड्यांबद्दल एवढं बोलतो, पण त्याच्या स्वतःच्या शेतावर गुलाम होते ना? बाईंनी खडू खाली ठेवला. "होते. मग सभेत हे कोणालाच खटकलं नसेल का?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. बाई म्हणाल्या, "ज्यांना खटकलं असतं, त्यांना त्या सभेत बसायला जागाच नव्हती. भाषण कोणाला पटलं हे लिहिताना, कोणाला विचारलंच नाही तेही लिहा." तेव्हापासून तो प्रश्न दरवर्षीच्या पेपरात आला. आणखी एक गोष्ट त्या आवर्जून सांगायच्या. आपण वाचतो ते शब्द बऱ्याच वर्षांनी, ऐकणाऱ्यांच्या आठवणींवरून जुळवून लिहिलेत. वकीलसाहेब नक्की काय बोलले ते कोणालाच ठाऊक नाही. ठराव थोडक्या मतांनी मंजूर झाला असं सांगतात, तेवढंच.

हे सगळं शांतपणे चाललं होतं. मग मुकादमांची तक्रार आली.

मुकादम रायगडच्या किनाऱ्यावरचे. मस्कतपासून दोनेक तासांवरच्या खाबुऱ्याला शेतीच्या पंपांच्या दुकानात कामाला होते आणि मस्कतला बायको-मुलांकडे फक्त सुट्टीला यायचे. त्यांची मुलगी सना अकरावीत होती. एका शुक्रवारी सकाळी ते उठले, तर सना आरशासमोर उभी राहून इंग्रजीत गरजत होती. मुकादमांना त्यातले दोनच शब्द कळले, युद्ध आणि मरण. त्यांनी काय चाललंय विचारलं. सना म्हणाली, "स्कूलचं आहे, पप्पा. तुम्हाला नाही कळणार."

रविवारी, इथं तो कामाचा दिवस, ते दुकानातून रजा काढून थेट प्राचार्यांकडे आले. आम्ही परक्या देशात पोटासाठी आलेली माणसं, आमच्या पोरांना बंडाची भाषणं कशाला, असा त्यांचा सवाल होता. प्राचार्य मुळात सावध माणूस. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं की एवढा धडा सोडा, त्याऐवजी पर्यावरणावर काहीतरी घ्या.

त्याच महिन्यात बाईंचा नोकरीचा करार पुन्हा व्हायचा होता. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाई, एका धड्यासाठी कशाला? करार झाला की पुढच्या वर्षी घ्या."

"पुढच्या वर्षी ही मुलं नसतील," त्या म्हणाल्या. "आणि मुकादम घाबरलेत ते खरंच आहे हो. घाबरलेल्या माणसाला धडा काढून दाखवला, तर त्याला वाटणार की भीती बरोबरच होती."

"मग काय करणार?"

"बघू."

त्या परत आत गेल्या. प्राचार्यांना म्हणाल्या, "मला एक तास द्या. त्या तासाला मुकादमांना वर्गात बसवते. तास संपल्यावर त्यांना नको वाटलं, तर धडा मी स्वतः काढून टाकते. कराराचं तुम्ही नंतर ठरवा." शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पण बोलल्या.

मुकादम गुरुवारी शेवटच्या तासाला आले. इस्त्रीचा शर्ट, हातात मोटारीची किल्ली. पहिल्या बाकावर बसायला तयार होईनात. शेवटी मागच्या बाकावर बसले, मी त्यांच्या शेजारी बसलो. सना भिंतीकडे बघत होती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला वर्गात बाप बसलेला कसा वाटतो, हे मी सांगायला नको.

बाई मराठीतच बोलल्या. "मुकादमभाई, तुम्ही त्या सभेतले एक व्यापारी. तुमचा माल इंग्लंडच्या जहाजांनी येतो. लढाई झाली तर दुकान बंद. तुमचं मत अजून ठरलेलं नाही. सना तुम्हाला सांगेल. पटलं तर हात वर करा."

"पन मला इंग्लिश एवढं येत नाय, मॅडम."

"सना मराठीत सांगेल. बाकीच्यांना भाषण पाठच आहे."

सना दचकली. "मॅम, मराठीत? मराठीत ते सिली वाटेल."

"वाटू दे. सभेतल्या माणसाला कळणार नसेल तर इंग्रजीचा उपयोग काय?"

सना उभी राहिली. आरशासमोरची गर्जना कुठल्या कुठे गेली. "आपण... किती वर्षं रिक्वेस्ट केली. म्हणजे, अर्ज केले. राजाला. त्यांनी ऐकलं नाही." ती थांबली. "आणि आता त्यांनी शिप्स पाठवल्यात. सोल्जर पाठवलेत. पप्पा, इकडे दुसरा कोणी शत्रू नाहीये. मग हे कोणासाठी आलेत?"

मुकादमांनी किल्ली बाकावर ठेवली. "ते समजलं. पन आपली ताकद कुठंय? हरलो तर?"

वर्गात कोणी असं मध्येच विचारत नसे. सनानं बाईंकडे बघितलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"आज आपण वीक आहोत," सना म्हणाली. "पण नंतर स्ट्राँग कसे होणार? घरात त्यांचे सोल्जर बसल्यावर? तेव्हा होणार का, पप्पा?"

मुकादमांनी बाकावरची किल्ली उलटीसुलटी केली. मी त्यांच्या शेजारी होतो म्हणून सांगतो, तो माणूस तेव्हा खाबुऱ्यात नव्हता, मस्कतमध्येही नव्हता. मग त्यांनी मान वर केली. "आन लढायला कोन जानार? जे सभेत बसलेत ते, का दुसऱ्यांची पोरं?"

सनानं वहीची पानं चाळली. "ते भाषणात नाहीये, पप्पा. ते त्यांनी नाही सांगितलं."

"शेवट म्हणायचाय?" बाईंनी विचारलं.

तो प्रसिद्ध शेवट सनानं मराठीत कसाबसा म्हटला आणि खाली बसली. मी मतं मोजायला उठलो. वर्गातले निम्म्याहून जास्त हात वर गेले. सनाचा हात वर होता. मुकादमांचे दोन्ही हात बाकावर होते.

बाईंनी त्यांना विचारलं, "का नाही?"

"शेवटी ती मरनाबिरनाचं बोलली ना, तिथं माझं मन मागं गेलं. मान्साला पोरंबाळं असतात." मग म्हणाले, "पन मधी ती बोलली ना, घरात सोल्जर बसल्यावर ताकद कुठनं येनार, तिथं मी हललो होतो. तिथंच थांबली असती, तर कदाचित केला असता हात वर."

बाई वर्गाकडे वळल्या आणि मुकादमांचं म्हणणं त्यांनी इंग्रजीत सांगितलं. आवाज तसाच, भाजीवाल्याशी बोलावा तसा. "लिहून घ्या. जगाला पाठ आहे ते वाक्य या सभेत कामाला आलं नाही. मधला प्रश्न आला. आता वकीलसाहेबांना दहापैकी किती मार्क द्यायचे ते तुमचं तुम्ही ठरवा, आणि का तेही लिहा. मुकादमभाईंना पटलं नाही म्हणून भाषण वाईट, असं लिहिलंत तर मी मार्क देणार नाही."

तास संपल्यावर प्राचार्य व्हरांड्यात वाट बघत होते. त्यांनी विचारलं, "मग, धडा काढायचा?"

मुकादम थोडे लाजले. "नको, सर. असू दे. भाषन मला पटलं नाय. पोरांनी असं काय कुनी बोललं की लगेच मान हलवू नये, हेच मॅडम शिकवतात, ते पटलं." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "माझ्यासमोर, माझ्याविरुद्ध हात वर केलान. एवढं पोरगी माझ्याशी कधी बोलली नव्हती."

मागून सना आली. मुकादमांनी तिचं दप्तर घ्यायला हात पुढे केला. ती म्हणाली, "पप्पा, पण तुम्ही माझ्या पॉइंटला आन्सर दिलाच नाही." दोघं वाद घालत गेटबाहेर गेली. वाद मराठीत चालला होता. सनाला शब्द सापडला नाही की मुकादम तो पुरवत होते आणि मग त्यावरच हरकत घेत होते.

धडा राहिला. करारही झाला. करार झाल्याचं बाईंनी मला आठवडाभर सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "हो, झाला ना. तुमच्या नववीच्या पेपरात एक प्रश्न चुकलाय, तो बघा आधी."

आखातातून माणसं जातात ती व्हिसा संपला की. पुढच्या वर्षी बाईंच्या यजमानांच्या कंपनीनं इथलं काम आवरलं आणि दोघांनी परत जायचं ठरवलं. मदिनत सुलतान काबूस वस्तीतलं त्यांचं घर आठवड्याभरात रिकामं झालं. निरोपाच्या समारंभात सगळ्यांनी बाईंना बोलायचा आग्रह केला. इतकी वर्षं भाषणं तपासणारी बाई स्वतः काय बोलते, हे ऐकायला शिपायांपासून प्राचार्यांपर्यंत सगळे आले होते. बाई उभ्या राहिल्या. माइक बाजूला सरकवला. "आज मला तुम्हाला काहीही पटवायचं नाहीये," त्या म्हणाल्या. "चहा घ्या, गार होतोय." आणि बसल्या. अनेकांची निराशा झाली. मला वाटतं, बाईंनी तेवढी एक हौस भागवून घेतली.

आता तो धडा दुसऱ्या बाई शिकवतात. चांगलं शिकवतात. मतं मोजायला मला अजून बोलावतात. बाईंची टेबलाची जागा मात्र कोणी घेतलेली नाही. तिथं प्रिंटरचे कागद असतात.

गेल्या महिन्यात मी त्यांना नाशिकला फोन केला. पलीकडे खूप गलका होता. त्यांच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई चाकाच्या खुर्चीवर असतात आणि दरवाज्यापाशी उतार करायला काही सभासद तयार नाहीत, असं त्यांनी घाईघाईनं सांगितलं. सभा चालू होती. मी म्हटलं, सावकाश बोलू, मी रात्री करतो.

"रात्री नको, उद्या करा," बाई म्हणाल्या. "अजून तिघांना पटायचंय. त्यातले एक आत्ता उठून चाललेत, थांबा, मी त्यांच्याबरोबर जिना उतरते."

फोन त्यांनी बंद केला नव्हता. काही पायऱ्यांपर्यंत मला त्यांच्या चपलांचा आवाज येत राहिला, आणि त्या कोणाला तरी गुडघ्याचं दुखणं आता कसं आहे ते विचारत होत्या.