संस्थापकांच्या जागी बसलेले मल्लाप्पा

संस्थापक दिनाच्या आठवडाभर आधी शाळेच्या समितीतल्या अवधूतचा फोन आला, तेव्हा महांतेश खोत पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात कुकरखालचा गॅस बारीक करत होते.

"महांतेशअण्णा, यंदा हार तुमच्या हातचा."

"माझ्या का? गुंडूराव आहेत की."

"गुंडूराव शिमग्यातच गेले. तुम्हांला कुणी कळवलं नाही होय?"

महांतेश ओट्याला टेकले. चामराजपेठेतल्या त्या शाळेची रीतच होती. संस्थापक दिनाला हार घालायचा मान मंत्र्याला नाही, देणगीदाराला नाही. हजर असलेल्या माजी विद्यार्थ्यांत जो सगळ्यांत म्हातारा, त्याला. गेली कित्येक वर्षं तो मान गुंडूरावांकडे होता आणि महांतेश पहिल्या रांगेत बसून त्यांच्या थरथरत्या हातांकडे बघत असायचे.

"म्हणजे आता मीच म्हातारा."

"तुम्हीच. पांढरा शर्ट घालून या. आणि एक सांगायचं राहिलं. यंदा तसबीर बदलतोय आपण. श्रीहरीरावांचा खरा फोटो मिळाला. पुण्याला त्यांचे पणतू असतात, कार्तिक म्हणून, त्यांच्याकडे निघाला. मोठा करून घेतलाय, एकदम फर्स्ट क्लास."

"आणि जुनी तसबीर?"

"तीच तर पंचाईत. खऱ्या माणसाशी एक रेघ जुळत नाही हो. चितारीनं मनानंच काढलेली दिसते. पण इतकी वर्षं हार घातलेली वस्तू. टाकता येत नाही, ठेवता येत नाही. मग समितीनं ठरवलं, कार्तिकनाच देऊन टाकू. शाल, नारळ आणि तसबीर. घराण्याची वस्तू घराण्याकडं." अवधूत थांबला. "अण्णा? ऐकताय ना? कसला आवाज येतोय?"

"कुकर," महांतेश म्हणाले आणि फोन ठेवला.

चितारीनं ती तसबीर मनानं काढलेली नव्हती. समोर माणूस बसवून काढली होती. तो माणूस म्हणजे शाळेचा माळी मल्लाप्पा खोत, महांतेशचे वडील. मल्लाप्पांचं दुसरं चित्र किंवा फोटो जगात कुठं नव्हता. आणि हे ठाऊक असलेला महांतेश सोडून दुसरा माणूस आता उरला नव्हता.

संस्थापक श्रीहरीराव म्हैसूर दरबाराच्या इथल्या कचेरीत कारकून होते. शिंप्यांची, हमालांची, बागवानांची पोरं दिवसभर उंडारताना बघून त्यांनी आपल्या घराच्या पडवीत शाळा काढली. एका भिंतीला मराठी वर्ग, दुसरीला कन्नड. इन्फ्लुएंझाच्या साथीत ते गेले. बायको पोरांना घेऊन पुण्याला भावाकडे निघून गेली. शाळा राहिली, वाढली, पडवीची इमारत झाली. पुढं स्वातंत्र्यानंतर मोठा हॉल बांधला, तेव्हा हेडमास्तरांच्या लक्षात आलं की हॉलमध्ये लावायला संस्थापकांचं चित्रच नाही.

म्हैसूरहून चितारी आणला. श्रीहरीरावांना पाहिलेले दोन म्हातारे बोलावले.

"डोळे कसे होते?" चितारीनं विचारलं.

"टपोरे," एक म्हातारा म्हणाला.

"छे, झोपाळू," दुसरा म्हणाला. "आणि नाक बसकं."

"बसकं तुझं. त्यांचं सरळ."

दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी चितारीनं कुंचला खाली ठेवला. "स्वामी, मला एक माणूस द्या. जिवंत. नाहीतर गाडीभाडं द्या."

खिडकीबाहेर मल्लाप्पा झारीनं क्रोटनला पाणी घालत होते. 'टपोरे' म्हणणारा म्हातारा म्हणाला, "खांदे असेच होते." यावर मात्र दुसऱ्यानं वाद घातला नाही.

मग मल्लाप्पांना आत बोलावलं. कुणाचा तरी काळा कोट आणला, कुणाचं जरीकाठी उपरणं, कुणाचा डोक्यावरचा म्हैसुरी पेटा. सात वर्षांचा महांतेश खिडकीच्या गजांना धरून रोज बघायचा. अप्पा असे ताठ, असे गप्प बसलेले त्यानं कधी पाहिले नव्हते. एकदा चितारीनं हेडमास्तरांना जवळ बोलावून हळूच म्हटलं, "चेहरा ठीक आहे. पण हे हात कारकुनाचे वाटत नाहीत." हेडमास्तरांनी टेबलावरचं एक जाडजूड पुस्तक उचलून मल्लाप्पांच्या हातात दिलं. मल्लाप्पांनी ते उलटं धरलं. हेडमास्तरांनी ते न बोलता सरळ केलं.

घरी आई हसून बेजार. "काय रावसाहेब, भाकरी इथंच वाढू की कचेरीत पाठवू?"

अप्पाही हसायचे. पण चित्र हॉलमध्ये लागलं त्या दिवशी त्यांनी महांतेशला बाजूला घेतलं. "पोरा, ही शाळेची गोष्ट हाय. शाळेतच ऱ्हाऊ दे. मी शब्द दिलाय मास्तरांना."

पुढं दोन वर्षांनी कुदळीचा घाव चिघळून मल्लाप्पा गेले.

महांतेश तेव्हा चौथीत होता. बाप गेल्यावर आठवड्यानं तो शाळेत आला. त्या दिवशी वर्गाच्या नव्या मास्तरांनी वर्गाला हॉलमध्ये नेऊन तसबिरीकडे छडी दाखवली. "हे कोण?"

"संस्थापक श्रीहरीराव," वर्ग एका सुरात.

आणि त्या सुराच्या मागून एकटा महांतेश म्हणाला, "हे माझे अप्पा."

वर्ग खो खो हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांना वाटलं पोरगं टवाळी करतंय. हाताचे तळवे सुजेपर्यंत मारलं. मग वर्षभर पोरांनी पिच्छा सोडला नाही. "ओ संस्थापक, झाडांना पाणी घाला की." "संस्थापक, तुमचा कोट कुठं गेला?" आई म्हणाली, "बोलू नको बाबा. तुझ्या तोंडी ते कुणाला खरं वाटणार?" महांतेश बोलला नाही. आयटीआय करून पीण्यातल्या एका कारखान्यात लेथवर लागला, लग्न केलं, मुलगी झाली, आणि संस्थापक दिन मात्र कधी चुकवला नाही. शिफ्ट बदलून घ्यायचा, पगार कापला तरी यायचा. लोक म्हणत, केवढी निष्ठा. पितृपक्षात घरी आजीचा फोटो मांडला जाई, आईचा, पुढं बायकोचा. अप्पांच्या नावानं पाटावर एक सुपारी ठेवत. अप्पांचा चेहरा बघायचा तर चामराजपेठेला जायला लागे.

शनिवारी मुलगी पवित्रा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मारतहळ्ळीहून आली. तिथल्या एका कंपनीत ती काम करायची, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची. बापाचा उतरलेला चेहरा बघून तिनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा मोठं झाल्यावर दुसऱ्यांदा महांतेशनी ते सांगितलं. पहिल्यांदा बायकोला सांगितलं होतं, लग्न झालं त्या वर्षी.

पवित्रा म्हणाली, "मला का नाही सांगितलंत, बाबा?"

"सांगून काय करणार होतीस? गेली असतीस, बघितलं असतंस, आली असतीस."

"हो. आजोबा बघून आले असते."

महांतेशनी मान खाली घातली.

"ते आता पुण्याला जाणार," पवित्रा म्हणाली. "कुणाच्या तरी दिवाणखान्यात, कुणाचे तरी पणजोबा म्हणून. आणि तुम्ही टाळ्या वाजवणार?"

"पुरावा काय देऊ मी? अप्पांनी शब्द दिलावता."

"शब्द आजोबांनी दिला होता ना? तो त्यांनी पाळला. तुम्ही कुणाला काय दिलंय?"

महांतेशनी कपाटातून पांढरा शर्ट काढून इस्त्रीला दिला.

संस्थापक दिनाला दोघं लवकर निघाली. मुख्याध्यापिका कस्तुरी मॅडमच्या खोलीत पाहुणे बसले होते. कार्तिक, तिशीपुढचा, खांद्याला सॅक. अवधूत, हातात शालीचा बॉक्स. कोपऱ्यात भिंतीला टेकून तसबीर उभी, पॅकिंगच्या फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. प्लास्टिकमधून पेटा अंधुक दिसत होता, चेहरा दिसत नव्हता.

"या अण्णा, बसा," कस्तुरी मॅडम म्हणाल्या. "कॉफी सांगते. स्वल्प साखर चालते ना?"

महांतेश बसले नाहीत. "मॅडम, ते प्लास्टिक काढा."

"आता? फ्लाइटसाठी बांधलंय ते."

"चेहऱ्यापुरतं तरी काढा. मग मी काय सांगायचं ते सांगतो."

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. कार्तिकनंच उठून चिकटपट्टी सोलली. आणि महांतेशनी उभ्यानं सगळं सांगितलं. झारी, दोन म्हातारे, कोट, उलटं पुस्तक, छडी. कॉफी आली आणि तशीच निवली.

पहिला आवाज अवधूतचा. "अण्णा, मी तुम्हांला खोटं म्हणत नाही. पण कशावरून?"

"कशावरूनच न्हाई," महांतेश म्हणाले. "मी सांगतो म्हणून."

कस्तुरी मॅडम तसबिरीकडे बघत होत्या, मग पवित्राकडे. मधोमध येऊन जवळजवळ जुळलेल्या त्या जाड भुवया दोन्हीकडे होत्या. त्यांनी नजर काढून घेतली. "आम्ही रोज हॉलमध्ये यांच्यासमोर प्रार्थना घेतो," त्या हलकेच म्हणाल्या.

"काका, ॲक्चुअली मला या तसबिरीचा फोटो बघितल्यापासून प्रश्न होताच," कार्तिक म्हणाला. "आमच्याकडे सगळे काटकुळे. हे असे खांदे आमच्या फॅमिलीत कुणाचेच नाहीत. माझा यावर काही हक्क नाही. तुम्ही घेऊन जा, प्लीज."

"कार्यक्रम छापलाय हो," अवधूत कळवळून म्हणाला. "लोक येऊन बसलेत. असं करू. स्टेजवर कार्तिक स्वीकारतील, खाली उतरल्यावर अण्णांना देतील. कुणाला कळायचं नाही, शाळेची शोभा व्हायला नको, अण्णांचंही काम झालं."

सुटका समोर होती. अप्पा घरी येणार होते. पवित्रानं बापाच्या हाताला हात लावला.

"मागच्या दारानं नको," महांतेश म्हणाले.

"अण्णा, लोक हसतील. सत्तर वर्षं शाळा माळ्याला हार घालत होती, हेच बोलतील बाहेर."

"हसू देत. लहानपणी एकदा बोललो, मार खाल्ला. आता मारणारं कुणी ऱ्हायलं न्हाई." मग ते कस्तुरी मॅडमकडे वळले. "मॅडम, मला भांडायचं न्हाई. श्रीहरीरावांच्या शाळेत माळ्याचा पोरगा फुकट शिकला. त्यांना हार मी घालणारच, मनापासून घालणार. पण त्याच स्टेजवर अप्पांचं नाव एकदा घेऊ दे. एवढंच."

कस्तुरी मॅडमनी खिडकीतून हॉलकडे पाहिलं. प्रार्थनेचा सूर लागला होता.

"सरी, तसंच करू," त्या म्हणाल्या. "कार्तिक, ती एका बाजूनं धरा. अवधूत, तुम्ही दुसरी बाजू."

हॉल भरलेला होता. पुढं पोरं जमिनीवर, मागं माजी विद्यार्थी खुर्च्यांवर. नव्या फोटोतले श्रीहरीराव किरकोळ अंगाचे, चष्म्यातून जरा घाबरून बघणारे. महांतेशनी त्यांना हार घातला, नमस्कार केला. मग माइकपाशी आले. मागं कार्तिक आणि अवधूत तसबीर धरून उभे.

"हे श्रीहरीराव," महांतेश फोटोकडे हात करून म्हणाले. "यांनी शाळा काढली." मग तसबिरीकडे वळले. "हे मल्लाप्पा खोत. या शाळेचे माळी. संस्थापकांचा फोटो नव्हता म्हणून मास्तरांनी यांना त्यांच्या जागी बसवलं. हे माझे वडील."

कुणी हसलं नाही. टाळ्याही पडल्या नाहीत. टाळी वाजवायची की नाही तेच लोकांना कळेना. मागच्या खुर्च्यांमध्ये कुजबुज पसरली. एक म्हातारा शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "मी माझ्या नातवाला यांच्या पाया पडायला लावलंय." शेजारी म्हणाला, "मग? पडला की नाही?" पुढं बसलेल्या एका मुलीनं बाईंना मोठ्यानं विचारलं, "मिस, मग झाडं कुणी लावली? यांनी?" बाई गडबडल्या. "हो," महांतेशनीच माइकवरून उत्तर दिलं. "गेटाजवळचं बकुळीचं यांनीच." सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या, जणू ते झाड आज पहिल्यांदा तिथं उगवलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर कस्तुरी मॅडमनी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "अण्णा, एक विचारू? तसबीर इथंच राहू दे. बागेकडच्या भिंतीवर लावते. खाली पितळी पाटीवर त्यांचं नाव, काम, सगळं. हजार पोरं रोज बघतील. तुमच्या घरी कोण बघणार?"

प्रश्न खरा होता. महांतेशना तो आतपर्यंत लागला. आपल्यामागं पीण्यातलं घर राहणार नाही, पवित्राच्या फ्लॅटमध्ये घरमालक खिळा ठोकू देत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. हे त्यांचं त्यांनीच ठरवायचं होतं.

"मॅडम, तुम्ही चांगल्या मनानं म्हणताय," ते सावकाश म्हणाले. "पाटी बकुळीखाली लावा. पण अप्पांनी सत्तर वर्षं इथं ड्युटी केली, तीही दुसऱ्याच्या नावानं. आता घरी नेतो."

कस्तुरी मॅडमनी पुन्हा आग्रह केला नाही.

रस्त्यावर पवित्रानं लगेज ऑटो थांबवला. ड्रायव्हर पानाची पिचकारी टाकून खाली उतरला आणि तसबिरीची लांबीरुंदी नजरेनं मोजू लागला. पीण्यापर्यंतचं भाडं ऐकून पवित्रा घासाघीस करायला लागली, तर महांतेशनी तिला हातानंच थांबवलं. ड्रायव्हरनं नायलॉनची दोरी काढून चौकटीवरून आडवी टाकली, चेहऱ्यावरूनच, आणि आवळता आवळता सहज विचारलं, "यारु अज्जा इवरु?"

कोण हे. साधा प्रश्न. आजवर उत्तर आधीच ठाऊक नसताना तो महांतेशना कुणी विचारलाच नव्हता.

"नम्म अप्पा," ते म्हणाले. आमचे अप्पा.

ड्रायव्हरचे हात थांबले. "हागिद्रे स्वल्प इरी," तो म्हणाला, म्हणजे मग जरा थांबा. त्यानं दोरी सोडली, सीटखालून आपली घोंगडी काढली, घडी करून चौकटीखाली घातली, आणि दोरी पुन्हा बांधली ती चेहरा मोकळा ठेवून, छातीवरच्या पुस्तकावरून.