पोत्याची तालीम

इंचमामाने जन्मभर एकच विद्या केली: लोकांचं सामान जिन्यावरून चढवणं आणि उतरवणं. कपाटं, फ्रीज, एकदा तर पियानोसुद्धा. "जिन्याशी भांडायचं नाही, जिना मोजायचा," हे त्याचं ठरलेलं वाक्य. या मोजण्याच्या वेडापायी त्याचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवेनासं झालं होतं.

त्यामुळे त्याच्या आईच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आणि त्याच आठवड्यात इमारतीची लिफ्ट बंद पडली, तरी गडी डगमगला नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, आजींनी एकही पायरी उतरायची नाही. त्या दिवशी सकाळी दहाच्या आत दाखल झालं नाही तर नंबर गेला, पुढचा दोन महिन्यांनी. तेवढा दम त्या हृदयात नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. मामाने पाचव्या मजल्यापासून फाटकापर्यंत सगळं मोजलं. दणकट खुर्ची निवडून तिला पट्टे लावले. आईच्या वजनाचं, अठ्ठेचाळीस किलोचं वाळूचं पोतं तिच्यावर बांधून वीस वर्षांपासूनचा जोडीदार लंबू याच्यासोबत दोनदा तालीम केली. सात मिनिटं लागली आणि भिंतीला ओरखडासुद्धा नाही. स्वारी खूश!

पण पोतं भीत नाही, आणि इथेच घोडं पेंड खाणार होतं.

ऑपरेशनच्या दिवशी नऊ वाजून दहा मिनिटांनी दोघांनी आईला बसवून खुर्ची उचलली. लंबू खालच्या बाजूला, मामा वरच्या. पहिल्याच वळणावर खुर्ची कलली, आईला खाली थेट तळापर्यंतची पोकळी दिसली आणि तिने दोन्ही हातांनी कठडा धरला.

"आई, सोड."

ती सोडेना. सगळा भार लंबूवर आला. त्यांनी खुर्ची कशीबशी वळणावर टेकवली.

"डोळे मीट आणि सोड!" मामा खेकसला, हमालांवर खेकसावं तसा.

तिने डोळे मिटले. बोटं मात्र आणखीच घट्ट झाली. "ओरडू नकोस रे," ती धापा टाकत म्हणाली. "मला कळतंय. हात ऐकत नाहीयेत." तिचे ओठ निळसर दिसू लागले.

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. नऊ पंचवीस झाले होते. बोटं ओढून सोडवावीत तर तिचा जीव आणखी घाबरा होणार. जिन्याचा इंच न् इंच मोजला आणि ज्या माणसाला न्यायचं त्याला काय वाटेल हे एकदाही विचारलं नाही, याची त्याला मनापासून लाज वाटली. त्याने पट्टे सोडले आणि तिच्याकडे पाठ करून तो खालच्या पायरीवर बसला.

"मामा, तुझा गुडघा!" लंबू म्हणाला. "पाठीवर ओझं घेऊन तीन वर्षं झाली तुला."

"तू पुढे हो. मी घसरलो तर तिला धर, मला नको." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "आई, कठडा सोडू नकोस. आधी एकच हात माझ्या गळ्यात टाक. बसला नीट? आता दुसरा."

हात आले. लंबूने पट्टा दोघांभोवती आवळला आणि मामा भिंतीला धरून उठला.

तिसऱ्या मजल्यावर गुडघ्यात कळ आली. तो भिंतीला खांदा लावून थांबला. पाठीवर धडधड जाणवत होती, वेडीवाकडी आणि जोरात. हे हृदय आता फुटतंय, याची त्याला खात्रीच पटली. "आई? ठीक आहेस ना?" गळ्याभोवतीची मिठी आणखी आवळली. पायऱ्या मोजायचं भान त्याला उरलं नव्हतं. लंबू उलटा उतरत, हात वर धरून म्हणत होता, "अजून एक. शाब्बास. अजून एक."

ते खाली पोचले तेव्हा दहाला एकोणीस मिनिटं होती. रुग्णवाहिकेतल्या नर्सने आईला स्ट्रेचरवर घेतलं आणि घाईघाईने तिची नाडी धरली.

"माझं राहू दे, बाई," आई म्हणाली. "आधी याचं काळीज बघ. पाच मजले माझ्या छातीवर धडधडत होतं."