वडिलांच्या उंचीची खुर्ची

कमरेतून कळ निघायची, उजव्या पोटरीपर्यंत उतरायची आणि सलूनवाल्याची कात्री गिऱ्हाइकाच्या कानाशी थबकायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, हा विचार करतोय. विचार कसला, दात आवळून उभा असायचा बिचारा. सायटिका. मणक्यांमधली चकती शीर दाबतेय, असं सांगून सर्जननं महिनाअखेरची ऑपरेशनची तारीखही देऊन ठेवली होती.

तारीख ऐकून त्याचं धाबं दणाणलं. सुरीची एवढी भीती नव्हती. नंतर उभं राहता आलं नाही तर काय, ही होती. उभ्यानं करायच्या या एका कामाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं.

बायकोनं मग मणकेवाल्या बाईंचं नाव काढलं. त्या कायरोप्रॅक्टर, हातांनी मणके मोकळे करायच्या, चिरफाड नाही. हाडं वाजवून घ्यायला मी काय जुनी खाट आहे का, असं पुटपुटत तो गेला, कारण बायकोच्या शब्दाबाहेर तो कधीच नव्हता. बाईंनी आधी सर्जनचे कागद वाचले, पायातला जोर तपासला. पाय लुळा पडला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर माझ्याकडे येऊ नका, तडक हॉस्पिटल गाठा, असं बजावलं. तारीख पुढे ढकलता येईल का, तेही सर्जनलाच विचारायला लावलं. जोर शाबूत आहे, दोन महिने बघा करून, असं सर्जन म्हणाले.

चार आठवडे झाले. बाईंच्या हाताखालून उठला की दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी बाई स्वतः सलूनमध्ये आल्या आणि बाकावर बसून त्याचं काम बघत राहिल्या.

"ही खुर्ची वर का घेत नाही तुम्ही?"

तो गोंधळला. ती उंची वडिलांनी लावलेली होती आणि वडील चांगलेच बुटके होते. ते गेल्यावर त्यानं दोनदा रेक्झिन बदललं, पण उंची वरखाली करायच्या खुर्चीखालच्या दांड्याला कधी पाय लावला नाही. बावीस वर्षं हा ताडमाड माणूस बापाच्या उंचीला वाकून केस कापत होता आणि त्याला तो आदर वाटत होता. मला विचाराल तर होताही. कमरेला तेवढा तो कळत नव्हता.

दांडा गंजून बसला होता. तेल सोडून नवराबायकोनं मिळून दाबला, तेव्हा कुठे खुर्ची वर आली. वडिलांना घराबाहेर काढल्यासारखं त्याला वाटलं आणि त्याचे डोळे भरले.

पुढे बाईंच्या उपचारांचा गुण येऊ लागला. कळ पोटरीवरून मांडीपर्यंत मागे हटली आणि सर्जननं तारीख खोडली. पुन्हा दुखलं तर या, म्हणाले. पण त्याच्या लक्षात राहिली ती उंच खुर्चीची पहिली सकाळ. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे वडिलांचे म्हातारे दोस्त. चढताना त्यांनी कुरकुर केली, मग आरशात बघतच राहिले. त्यांच्या मागे तो सरळ उभा होता.

"तू एवढा उंच आहेस होय रे?" म्हातारे म्हणाले. "तुझ्या बापाला फार हौस होती, पोरगं आपल्यापेक्षा उंच व्हावं अशी."

कात्री त्यांच्या कानाशी थबकली. या खेपेला पायामुळे नाही.