आईला कोण उचलणार

दादांच्या दुकानाला औषध कंपनीच्या स्कीममध्ये जहाजाची सहल लागली, तेव्हा घरात सगळ्यांत आधी हसली ती आई. दादा म्हणजे माझे वडील. निफाडजवळच्या आमच्या गावात त्यांचं खता-औषधांचं दुकान होतं. द्राक्षाच्या औषधांचा ठरलेला खप झाला की कंपनी दुकानदारांना काहीतरी द्यायची. आधी बॅग मिळाली होती, मग भिंतीवरचं घड्याळ. या वेळी मुंबईहून गोव्याला जहाजानं जायचं आणि परत यायचं, तेही जोडीनं.

"मला काय," आई म्हणाली, "मी तर बसूनच असते. वट्यावर बसले काय आन् जहाजात बसले काय."

आई चालू शकत नव्हती. मी अकरावीत असताना, द्राक्षं काढायच्या दिवसांत, ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पाठीवर पडली. कमरेखालचं सगळं गेलं. दादांनी नाशिकच्या द्वारका चौकातल्या एका दुकानातून तिच्यासाठी चाकांची खुर्ची आणली. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना ब्रेकच्या दांड्या होत्या. त्यात तिचा पदर अडकायचा, आणि खाटेवरून खुर्चीत येताना त्या मांडीला लागायच्या. मांडीला लागलेलं तिला कळायचं नाही, जखम दिसली की मगच कळायचं. म्हणून तिनं गावातल्या सायकलवाल्याकडून त्या दांड्या काढून टाकल्या. आमच्या अंगणात मुरूम, रस्त्यावर माती. ढकलली तरी खुर्ची जेमतेम हलायची. ती आपणहून घरंगळत जाईल असं कुणाच्या मनातच आलं नाही.

सहलीची तारीख छाटणीनंतरची आली. त्यात आभाळ भरून आलेलं. अशा हवेत द्राक्षबागांवर डावणीचा रोग येतो आणि शेतकरी उजाडायच्या आत दुकानाच्या दारात येऊन बसतात. दादांना हलता येईना.

"तू जा आईबरोबर," ते मला म्हणाले. "तुला इंग्रजी येतं."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. नाशिकला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. इंग्रजी पुस्तक मला वाचता यायचं, पण बोलायची वेळ आली की वाक्यच जुळायचं नाही. हे मी घरी कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही. मी फक्त विचारलं, "जहाजात जिने असतील ना?"

"लिफ्ट असती," दादा म्हणाले. कंपनीच्या माणसानं त्यांना तसं सांगितलं होतं.

नाशिकहून आम्ही बाकीच्या दुकानदारांबरोबर बसनं मुंबईला गेलो. आईला बसमध्ये दोघांनी उचलून बसवलं. उतरताना सटाण्याकडचे एक दुकानदार तिच्या खुर्चीकडं बघत म्हणाले, "तुमनं बरं शे, अक्का. आम्हले पायी चालनं पडस."

"या मग, बसा," आई म्हणाली. "मी ढकलते तुम्हाला."

सगळे हसले. मी हसले नाही. मला समोर जहाज दिसत होतं. ते इतकं उंच होतं की वरचं टोक बघायला मान मागं टाकावी लागत होती, आणि बंदराचा धक्का आणि जहाज यांच्यामध्ये काळं पाणी हलत होतं. त्या पाण्यावरून टाकलेल्या पुलावरून मी आईची खुर्ची ढकलत नेली. पोहता मला येत नाही. आईलाही येत नव्हतं, पण आता तो प्रश्नच उरला नव्हता.

आमची केबिन खूप खाली होती. तिला खिडकी नव्हती. लिफ्ट मात्र खरंच होती, आणि तिच्यात खुर्ची नीट मावत होती. मला जरा हायसं वाटलं.

जहाज सुटल्यावर थोड्या वेळानं भोंगा वाजला. सगळ्यांनी वरच्या डेकवर जमायचं होतं. संकट आलं तर काय करायचं, ते तिथं दाखवणार होते. सगळे हसतखिदळत नारिंगी जॅकेटं घालत होते. मी आईच्या गळ्यात जॅकेट अडकवलं आणि पट्टे बांधायला खुर्चीच्या मागच्या दोन्ही मुठी सोडून तिच्यासमोर आले. तेवढ्यात पायाखालची फरशी किंचित कलली. उभ्या माणसाला जाणवलंही नसेल. पण खुर्ची माझ्यापासून निसटून मागं मागं जाऊ लागली. आईचं तोंड माझ्याकडं होतं. तिनं चाकं धरायला हात खाली नेले, पण जॅकेटमुळं ते पोचेनात. तिच्यामागं खाली जाणारा जिना होता.

जहाजावरच्या एका माणसानं पाय आडवा घालून खुर्ची थांबवली. त्यानं वाकून चाकांजवळ चाचपलं आणि माझ्याकडं बघून विचारलं, "ब्रेक? व्हेअर इज ब्रेक?"

सायकलवाल्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आठवेना. मी नुसती मान हलवत राहिले. पट्टा काही केल्या हुकात जाईना.

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून आधी इंग्रजीत आणि मग हिंदीत सांगितलं गेलं, की संकटाच्या वेळी लिफ्ट बंद राहील, सर्वांनी जिन्यानं यावं. इंग्रजीतलं मला कळलं होतं. तरी हिंदीत दुसरं काहीतरी निघेल म्हणून मी कान देऊन ऐकलं. आईला हिंदी कळतं. तिनंही ते ऐकलं होतं.

केबिनमध्ये परत आल्यावर मी खुर्ची भिंतीला टेकवली, चाकाखाली दोन्ही चपला सरकवल्या आणि तरीही हात सोडायला धजावले नाही.

"ऐक," आई म्हणाली. "तसं काय झालंच, तर तू निघायचं. माझ्यापाशी थांबायचं नाय."

"काही होत नाही."

"व्हईल आसं नाय म्हनत. पन झालं तर. जिना चढून सरळ वर जायचं. मागं बघायचं नाय."

"आणि तू?"

"मी बसते की इथं. बसायचीच सवय हाय मला." ती हे अगदी सहज बोलली, उद्या भाजी काय करायची ते सांगावं तशी. मग म्हणाली, "मला शब्द दे."

भिंतीपलीकडं कुठंतरी यंत्र घरघरत होतं आणि ती घरघर माझ्या तळपायांत येत होती. दादांना फोन लावून बघितला, रेंज गेली होती. मी तिला म्हणाले, "चल, आपण बघू तर." तिला पॅसेजमधल्या जिन्यापाशी नेलं, काखेत हात घातले आणि पाठमोरी होऊन ओढत वर नेऊ लागले. घरी खाटेवर मी तिला रोज घ्यायचे. पण खाट एकाच उंचीची असते. इथं तिचे पाय पायरीवर अडकले, माझा गुडघा वाकला आणि आम्ही दोघी तिथंच बसलो. तिचं लुगडं पोटरीच्या वर गेलं होतं. मी आधी ते खाली ओढलं.

"बघितलं?" ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "आता दे शब्द."

मी तिला कसंबसं खुर्चीत घातलं, केबिनमध्ये दोन उशा चाकांना लावल्या आणि एकटी वर चौकशीच्या काउंटरवर गेले. वाटेत वाक्य जुळवत होते. तिथं कोट घातलेली, माझ्याच वयाची एक मुलगी होती. माझ्या पुढच्या बाईचं बोलणं संपेपर्यंत वाक्य तीनदा विसरले. शेवटी म्हणाले, "लिफ्ट क्लोज्ड, देन माय मदर... माय मदर नो वॉक. हू..." पुढचं आलंच नाही. डोळ्यांत पाणी आलं आणि मी मराठीत म्हणाले, "मला तिला उचलता येत नाही हो."

तिला मराठी येत असावं, किंवा माझ्या तोंडाकडं बघून कळलं असावं. तिनं हिंदीत शांतपणे विचारलं, केबिन कुठली, आई किती वर्षांची, वजन साधारण किती. औषध कंपनीनं नुसती नावंच कळवली असल्यामुळं खाली चालू न शकणाऱ्या बाई आहेत हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. तिनं फोन केला. थोड्या वेळात दोन माणसं आली, एक उंच आणि एक ठेंगणा. उंच माणसाच्या हातात दुमडलेली, पट्ट्यांची एक खुर्ची होती. अशा वेळी तिच्यात बसवून जिन्यानं वर नेतात, हे काम आजपासून आमच्या दोघांचं, असं ते म्हणाले. मी घाबरत विचारलं, आत्ता एकदा करून दाखवाल का?

केबिनमध्ये त्यांना बघून आई अडून बसली. "परक्या बाप्यांनी उचलायचं मला? बांधून? मी काय द्राक्षाची पेटी हाय का?"

"बसमध्ये उचललं तेव्हा?"

"ते आपल्याकडचे व्हते."

"आई," मी म्हणाले, "तू बसली नाहीस तर मी पण इथनं हलणार नाही. हाच माझा शब्द."

तिनं माझ्याकडं रागानं बघितलं. मग पदर कमरेला घट्ट खोचला.

त्यांनी तिला छातीवर, मांड्यांवर पट्टे बांधले. मांडीला पट्टा काचू नये म्हणून मी खाली टॉवेल घातला. एक वर, एक खाली असे ते जिना चढू लागले. मी मागून चालत होते, हात पुढं धरून, जणू ती पडली तर मी झेलणारच होते. वळणावर खुर्ची तिरकी झाली तेव्हा आईनं डोळे मिटले आणि ठेंगण्या माणसाची कॉलर मुठीत धरली. त्याचा चेहरा लाल झाला, पण तो तसाच चढत राहिला.

वरच्या दारातून जोराचा वारा आला. संध्याकाळचं पाणी चहूकडं राखाडी होतं आणि काठ कुठंच नव्हता. मला ते बघवेना. मी आईकडंच बघत राहिले. तिनं कॉलर अजून सोडली नव्हती.

"छोडो, माताजी," तो माणूस म्हणाला. "पहुंच गए."

तिनं एकेक बोट सोडलं. त्याच्या कॉलरवरची सुरकुती हातानं सारखी केली. नंतर त्या दोघांचे चेहरे एकदा नीट बघून घेतले आणि मला म्हणाली, "काय झालंच, तर पहिलं ह्यांला हाक मार. मला नंतर उठव."