कोकरांना लावलेलं अत्तर

पहिल्या खेपेचे पाहुणे नाकाला रुमाल लावून परतले, तिथंच मी हा धंदा गुंडाळायला हवा होता. पण मला विचार करायची खोड आहे. साखर कारखान्याच्या कार्यालयात उमेदीची वर्षं गेली, तिथं माझ्या विचारांमुळं नुकसान फारतर एखाद्या फायलीचं व्हायचं. नोकरी संपल्यावर ते मोकळे सुटले.

सुट्टीत फिरायला निघालेल्या शहरी मंडळींना आपला मुलूख दाखवायचा, असं मी ठरवलं होतं. बायको म्हणाली, "बीडला बघायला काय हाय?" मी तिला माहितीपत्रक दाखवलं. सकाळी कपिलधारचा धबधबा आणि देवदर्शन, दुपारी शेतात भाकरी-पिठलं, नंतर मेंढपाळांच्या तळावर कोकरांसोबत वेळ, आणि संध्याकाळी कळप परतल्यावर माय-लेकरांची भेट. तिनं ते वाचलं आणि मेंढ्यांना विचारलंय का, एवढंच विचारलं. विचारलं नव्हतं.

मेंढपाळ कुटुंब मात्र ओळखीचं होतं. कपिलधारच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला माझं थोडं रान आहे. दरसाल दिवाळीनंतर त्यांचा कळप तिथं चार-आठ दिवस बसतो. लेंड्यांचं खत माझ्या रानाला, त्याबदल्यात ज्वारी त्यांच्या घरी, असं वडलांपासून चालत आलेलं. त्या घरच्या बाईला मी आक्का म्हणतो, म्हणून तिच्या नवऱ्याला दाजी. दोघंही माझ्याहून थोडेच मोठे, पण उन्हानं त्यांना आधीच म्हातारं केलंय. पाहुणे आणू का, असं मी विचारलं, तेव्हा दाजी म्हणाले, "आना की, रान तुमचंच हाय." त्याला मी परवानगी समजलो. ज्याच्या रानात तळ टाकलाय, त्याला नाही कसं म्हणायचं, हे त्या उत्तरातलं अर्धं वाक्य मला ऐकूच आलं नाही.

तर पहिले पाहुणे वासानं पळाले. कोकरांच्या जाळीजवळ जाताच त्यातल्या एक बाई इतक्या वेगानं मागं सरकल्या, की आक्काची चूल मोडली. मी त्या रात्री ठरवलं, की पुढच्या वेळी कोकरं सुवासिक असतील.

बीडच्या बाजारात एक जुने अत्तरवाले बसतात. त्यांना म्हटलं, लेकरांसाठी काहीतरी सौम्य द्या.

"कितने बच्चे हैं?" त्यांनी बाटली शोधता शोधता विचारलं.

"एकवीस."

त्यांनी बाटली खाली ठेवली. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेजारच्या टपरीवर चहा सांगितला. चहा येईपर्यंत ते माझ्याशी फार अदबीनं वागले. कोकरांसाठी पाहिजे म्हणाल्यावर त्यांचा चेहरा पडला, पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. गुलाबाची एक कुपी हातात देत त्यांनी हमी दिली, की धुतलं तरी तीन दिवस जाणार नाही. मी खूश होऊन कुपी खिशात टाकली.

दुसऱ्या खेपेला पुण्याची दोन जोडपी आली. चौघंही सभ्य, समजूतदार, आणि उत्साही. त्यांना कपिलधारला नेलं. दिवाळीनंतरचा धबधबा म्हणजे वरून कुणीतरी कळशी कलंडून दिल्यासारखा. मी पावसाळ्यात तो कसा कोसळतो, याचं हातवाऱ्यांसह वर्णन केलं. एकानं विचारलं, मग आम्हाला पावसाळ्यात का नाही बोलावलं? मी त्यांना दर्शनाच्या रांगेत उभं केलं.

जेवण उरकून पाहुणे लिंबाखाली आडवे झाले, तसा मी पुढं तळावर गेलो. दाजी मेंढ्या घेऊन डोंगरावर गेलेले. मोठ्या मेंढ्या चरायला गेल्या, की दूधपिती कोकरं मागं जाळीच्या कुंपणात राहतात आणि आक्का त्यांना सांभाळते. जाळीच्या बाजूला एक बांबूचं मोठं डालं पालथं घातलेलं होतं. आत आदल्या सांजेला जन्मलेलं एक कोकरू.

आक्का घागर घेऊन बोअरवर निघाली होती. जाता जाता थांबून म्हणाली, "भाऊ, पावणे आलं की बाकीची घ्या खेळायला. पर त्या डाल्याला हात लावू नका."

का, म्हणून मी विचारलं. तिनं सांगितलं ते मला आजही शब्दाशब्दाला आठवतं. लग्नात तिच्या वडलांनी तिला पाच मेंढ्या आंदण दिल्या होत्या. कळपात बाकी सगळं नवऱ्याचं, सासरचं. ह्या पाच मात्र तिच्या. साथीत गेल्या, लांडग्यानं नेल्या, अडीअडचणीला विकल्या, आणि आता त्या वाणाची एकच मेंढी उरली होती. ती पहिल्यांदाच व्यालेली. मादी झाली होती. "हे जगलं तर बापाचं वाण ऱ्हाईल," आक्का म्हणाली. "पहिलारू मेंढी हाय, अजून वळख पक्की न्हाई तिची. दोनदाच पाजलंय."

मी गंभीरपणे मान हलवली. ती गेली.

मग मी कापसाचा फाया केला आणि जाळीत शिरलो. एकेका कोकराच्या कपाळाला, कानामागं, शेपटीला. लग्नाच्या मांडवात वऱ्हाड्यांना लावतात तसं. कोकरं शिंकत होती. एकवीस झाली. कुपीत अजून बरंच उरलं होतं आणि डाल्याखालून येणारा वास, खरं सांगायचं तर, सगळ्यांत उग्र होता. आक्कानं हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. मी लावलाही नाही. डालं पायानं उचललं आणि फाया लावला. कारखान्यात अशीच परिपत्रकं पाळायचो आम्ही. शेपटीला दोनदा लावलं, कारण तिथला वास जास्त होता.

पाहुणे आले ते भारावूनच गेले. एकेक कोकरू उराशी धरून फोटो निघाले. एक बाई डोळे मिटून म्हणाल्या, की किती गोड वास आहे ह्यांना, आणि कशामुळं येतो तो? मी सांगितलं, की आमच्या डोंगरातलं गवतच तसं आहे. त्यांच्या यजमानांनी ते मोबाईलमध्ये टिपून घेतलं. त्या क्षणी मी जिल्ह्यातला सर्वांत यशस्वी माणूस होतो.

आक्का डोईवर घागर घेऊन आली. जाळीपासून पंधरा पावलांवर थबकली. घागर उतरवली नाही. नुसती हुंगत उभी राहिली. मग घागर टेकवून सरळ डाल्याकडं गेली, ते उचललं, आणि खाली बसली.

"भाऊ, ह्याला बी?"

मी म्हटलं, हात नाही लावला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पाहुण्यांकडं तिनं एकदा पाहिलं, पदर सारखा केला, आणि हळू आवाजात म्हणाली, "मेंढी वासानं वळखती लेकरू. आता ती कशानं वळखंल?"

मला हे माहीत नव्हतं. माझ्या रानात दरसाल शेकडो मेंढ्या बसतात. त्यांच्या खतावर माझी ज्वारी वाढते. आणि मेंढी आपलं पिल्लू कसं ओळखते, हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळलं.

आम्ही दोघांनी ते कोकरू पुसलं. कोमट पाण्यानं धुतलं. ओलं झाल्यावर वास जास्तच दरवळला. राख चोळली. राखेला गुलाबाचा वास येऊ लागला. अत्तरवाले प्रामाणिक माणूस होते.

ऊन उतरलं आणि डोंगरावरून कळपाचा आवाज यायला लागला. माहितीपत्रकात मी हा दिवसाचा सर्वोच्च क्षण म्हटलं होतं. पाहुणे सतरंजीवर मोबाईल धरून तयार बसले. एरवी हे खरोखर बघण्यासारखं असतं. जाळी उघडली, की कोकरं धावत सुटतात, मेंढ्या हाका मारतात, प्रत्येकजण आपापल्याला हुंगतो आणि चार-पाच मिनिटांत सगळं शांत होऊन नुसता चुटूचुटू दूध पिण्याचा आवाज उरतो.

त्या दिवशी जाळी उघडली आणि कोकरं धावली. मेंढ्यांनी हाका मारल्या. कोकरं पोचली. मेंढ्यांनी हुंगलं, आणि धडका दिल्या.

दाजींना काही कळेना. ते माझ्याकडं बघत होते, आक्काकडं बघत होते. आक्कानं दोन शब्दांत सांगितलं असावं. ते फक्त "अरारा" म्हणाले आणि फेटा बाजूला ठेवून कामाला लागले. कोणतं कोकरू कोणाचं, हे त्या दोघांना पाठ होतं. काळ्या कानाचं तिचं, पांढऱ्या पायाचं हिचं. एकेकाला धरून त्याच्या आईखाली लावायचं, ती हलू नये म्हणून तिला मांडीत दाबून धरायचं. मीही मदतीला धावलो. एक कोकरू उचललं आणि मोठ्या विश्वासानं एका मेंढीखाली लावलं. दाजी शांतपणे म्हणाले, "मालक, त्यो मेंढा हाय." मी बाजूला जाऊन उभा राहिलो.

पाहुणे टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, हे रोज असंच चालतं. किती जिवंत अनुभव, असं एकजण म्हणाला. मी काय सांगणार? ते गवत वगैरे मीच सांगून बसलो होतो. ती मेंढी पिल्लाला लांब का ढकलतेय, असं एका बाईंनी विचारलं. मी म्हणालो, "लाडानं." हा शब्द तोंडातून जाताना मला स्वतःचीच शिसारी आली.

जुन्या मेंढ्यांचं हळूहळू जमलं. त्यांना लेकरांचा आवाज ठाऊक होता. भुकेनं ओरडणाऱ्या पिल्लाला त्या वासाच्या विरोधात जाऊन, कुरकुरत का होईना, घेऊ लागल्या. गाडीची वेळ झाली म्हणून पाहुणे उठले. निरोप घेताना चौघांनी आक्काला हात जोडले. तिनंही जोडले. तिच्या हातांना दूध, राख आणि गुलाबाचा वास येत असणार.

मी थांबलो. आता एकच उरलं होतं.

पहिलारू मेंढी आपल्या कोकराला जवळ येऊच देत नव्हती. हाका मात्र त्यालाच मारत होती. ते लडबडत यायचं, ती हुंगायची, डोकं मारून त्याला उलथून टाकायची, आणि पुन्हा मान वर करून हाका मारायची, जणू खरं पोर अजून यायचंय. आक्कानं तिचंच दूध काढून कोकराच्या पाठीवर चोपडलं. वर मीठ लावलं, म्हणजे ती चाटेल. तिनं एकदा चाटलं. मग तिनं नाक वर केलं आणि पुन्हा धडक दिली.

दाजींनी तिचा पाय बांधला आणि आक्कानं कोकरू कासेला धरलं. चार घोट गेले. "असं किती दिस करनार," दाजी म्हणाले. ते मला विचारत नव्हते, पण मी उत्तर शोधत बसलो. दुसरं पिल्लू विकत आणून देऊ का, असं विचारलं. आक्का म्हणाली, "इकत बापाचं वाण मिळतंय का, भाऊ?" तिच्या आवाजात राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी गेलो. तिसऱ्या दिवशीही. वास कमी होत गेला, पण मेंढीचं मन बसलंच नाही. तिचं दूधही आटायला लागलं. कळपात एक तांबडी शेळी होती, अशा अनाथ पिल्लांसाठीच पाळलेली. तिला हा पाहुणा पसंत नव्हता. तिची शिंगं कुणीतरी धरून ठेवायची, तेवढ्यात कोकरानं प्यायचं. आक्कानं ते काम मला दिलं. दिवसातून तीनदा मी गुडघ्यावर बसून शेळीची शिंगं धरत होतो. शेळी माझ्याकडं अशा नजरेनं बघायची, की तिला सगळं माहीत असावं. कोकरू प्यायचं, शेपटी हलवायचं. मी आक्काला विचारायचो, जगेल ना? ती म्हणायची, "बघू."

घरी बायकोनं विचारलं, की पुढच्या पाहुण्यांचं काय. त्यांना नाही म्हणून कळवलं होतं.

पाचव्या दिवशी तळ हलला. पुढचा मुक्काम उमापूरच्या बाजूला. भांडी, जाळी, घोंगड्या घोड्यावर लादल्या. कोकरू अजून चालण्याजोगं नव्हतं, म्हणून आक्कानं त्याला घोड्याच्या एका बाजूच्या झोळीत ठेवलं, नुसतं डोकं बाहेर. मी ज्वारीचं पोतं दाजींना दिलं. दरसालपेक्षा मोठं होतं. त्यांनी ते उचलून पाहिलं, नेहमीएवढी ज्वारी आपल्या पोत्यात ओतून घेतली आणि उरलेली मला परत केली.

"आक्का, पुढच्या साली याल ना?" मी विचारलं.

"रान चांगलं हाय तुमचं," ती म्हणाली आणि घोड्याचा दोर धरून निघाली.

कळप माझ्यासमोरून गेला. ती पहिलारू मेंढीही गेली, घोड्याच्या अगदी शेजारून. झोळीतून कोकरू ओरडलं. मेंढीनं मान वर केली, डोंगराकडं तोंड करून एक हाक मारली, आणि पुढं चालू लागली. कोकरू पुन्हा ओरडलं. तेव्हा मागं दोरीला बांधलेल्या तांबड्या शेळीनं, नाइलाजानं का होईना, ओ दिली.