विमलबाईंचा व्यायाम

विमलबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सापगावच्या घरी तांदूळ निवडत बसले होते. फोनवर त्यांची मुलगी सुजाता. "मावशी, आई गेली..." एवढंच बोलली.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघी टोकावड्याजवळच्या एका शाळेत शिकवायचो. मुरबाडहून एकाच एसटीने जायचो. त्यांच्या घरी रोज बुद्धवंदना, माझ्या माहेरी वडिलांची गीता. त्यामुळे प्रवासात गप्पांना तोटा नसे. मग एका पावसाळ्यात घाटाच्या रस्त्यावर जीप उलटली आणि त्यात विमलबाईंचे यजमान गेले. चालवणारा पांडू आमच्या शाळेशेजारच्या पाड्यावरचा. भरधाव हाकत होता. केस झाली, काही काळ आत राहून तो सुटला आणि पुन्हा त्याच रस्त्यावर जीप चालवू लागला. रोज मुरबाडच्या स्टँडवर दिसायचा. तो दिसला की विमलबाई रागाने पाठ फिरवून उभ्या राहायच्या.

"तुमच्या धम्मात रागावर काही औषध नाही का हो?" मी एकदा न राहवून विचारलं.

"औषध नाय. व्यायाम आहे. सम्यक व्यायाम."

माझ्या डोळ्यांसमोर शाळेची कवायत आली. मी तसं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "कवायतच गो ती. वाईट मनात आलं नसेल तर येऊ द्यायचं नाय, आलं तर हुसकायचं. चांगलं आणायचं आणि आणलेलं टिकवायचं. हे शेवटचं लय अवघड. घरातून भरून निघते, स्टँडवर पोचेपर्यंत सगळं सांडतं..."

मी वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं, की चंचल मन अभ्यासाने आवरतं.

"म्हणजे गृहपाठ! पोरं करत नायत, तसं माझं मनपण करत नाय बघ." यजमान गेल्यानंतर त्या पहिल्यांदाच हसल्या.

एका दुपारी सुजाताला ताप भरल्याचा निरोप शाळेत आला. एसटी आलीच नाही. उभी होती ती एकटी पांडूची जीप. विमलबाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या, मग माझा हात धरून आत बसल्या. पांडूने मान वर केली नाही. "बाई, नेऊ?" "हळू ने." मुरबाडला उतरल्यावर त्या म्हणाल्या, "माफ नाय केलं मी त्याला. नुसती बसले."

पुढे पांडूची मुलगी आमच्या शाळेत आली, ती नेमकी त्यांच्याच वर्गात. पहिल्या दिवशी त्यांनी तिचं नाव हजेरीत घेतलंच नाही. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन रडल्या. दुसऱ्या दिवशी मात्र नाव घेतलं. त्या पोरीला अक्षरं लागेनात, तेव्हा शाळा सुटल्यावर थांबवून तिला वाचायला शिकवलं. कुठलाही मोठेपणा न मिरवता, कधी चिडत, कधी हरत, पुन्हा सुरुवात करत.

मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी त्यांच्या नावाने पुण्यानुमोदनाचा विधी होता. बाहेरच्या खोलीत त्यांचा फोटो, त्यापुढे मेणबत्त्या. वंदना सुरू होणार इतक्यात अंगणात पांडू दिसला. केस पिकलेला, हातात पांढरी फुलं, पायरीशी थबकलेला. सुजाता उठली. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. दारात जाऊन ती क्षणभर उभी राहिली, मग म्हणाली, "मामा, आत या."

तो आत येऊन बसला. सुजाता माझ्या शेजारी टेकली आणि कानाशी पुटपुटली, "मावशी, मला आईचा व्यायाम अजून जमत नाय गो... पण करतेय."